उतारावर सोयीची किंमत

ट्रॅक्टर म्हटला की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे सामान्यतः साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने खच्चून भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत, गाण्याचा कर्णा आकाशाकडे रोखून चाललेले सपाट मुलखातले एक धूड उभे राहते. परंतु ज्या ट्रॅक्टरविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत त्याची जात निराळी, कूळ निराळे आणि मुख्य म्हणजे त्याच्या चाकांखालची जमीन निराळी. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिम अंगाला ॲपलेशियन पर्वताच्या ब्लू रिज रांगा पसरल्या आहेत. तेथेच माउंट मिचेल हे ६,६८४ फूट उंचीचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बाराशेपेक्षा अधिक फुटांनी उंच असलेले शिखर असून मिसिसिपी नदीच्या पूर्वेस त्याहून उंच जागा नाही. या डोंगरांच्या कुशीत पाच-दहा एकरांच्या खाजगी मिळकती जागोजागी आढळतात: वर एक घर, घरापर्यंत वळणे घेत चढणारा खडीचा रस्ता, भोवती गवताचे उतार आणि मागे ओकचे दाट रान. हा खडीचा रस्ता सरकारी दप्तरात नोंदलेला नसतो; पावसाने वाहून गेला तर मालकानेच तो पुन्हा भरावा अशी तेथील वहिवाट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने या मुलखातले रस्ते, पूल आणि टेकड्यांच्या कडा धुऊन नेल्या, तेव्हा वाटेवर आडवी पडलेली झाडे ओढण्याचे आणि घळी बुजविण्याचे काम करणाऱ्या लहानमोठ्या यंत्रांत, पुढे लोडर लावलेले पंचवीस ते चाळीस अश्वशक्तीचे खाजगी ट्रॅक्टरही होते. या वर्गातील ट्रॅक्टरांत आज हायड्रोस्टॅटिक चालनेचीच चलती आहे. आणि त्यांपैकी काहींच्या बॉनेटवर मुंबईच्या महिंद्र कंपनीचे नाव असते, कारण १९९४ पासून ही कंपनी त्या बाजारात उभी आहे.

माझे मत आरंभीच नमूद करून टाकतो. डोंगरउताराच्या मिळकतीवर क्लच आणि गिअर यांच्या ट्रॅक्टरपेक्षा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर निःसंशय सरस आहे. परंतु ज्या गुणासाठी तो विकला जातो, तोच गुण उतारावर माणसाला गाफील करतो, आणि म्हणून हे यंत्र आपल्या कोकणातील बागायतदाराच्या दारात येण्यापूर्वी ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचविणारी चौकट व कमरेचा पट्टा यांची सक्ती आधी आणि बिनगिअरची सोय मागाहून, असा क्रम सरकारने ठरवावा.

हा गुण कोणता, हे समजण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. नेहमीच्या ट्रॅक्टरात इंजिनाची शक्ती क्लच आणि दातेरी चक्रे यांच्या वाटेने चाकापर्यंत पोहोचते. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरात मध्ये तेल असते. इंजिन एका पंपाला फिरविते. त्या पंपात वर्तुळाकार मांडलेले लहान दट्ट्ये एका तबकडीवर टेकून फिरत असतात. ही तबकडी सरळ उभी असेल तर दट्ट्ये मागेपुढे सरकत नाहीत आणि तेल हलत नाही, ती पुढे कलली की तेल एका दिशेने वाहू लागते, मागे कलली की उलट दिशेने. हे तेल दुसऱ्या टोकाला असलेल्या मोटरीला फिरविते आणि मोटर चाकांना. उजव्या पायाखालचे पेडल प्रत्यक्षात या तबकडीचा कल बदलत असते. पाऊल किंचित दाबले तर ट्रॅक्टर मुंगीच्या गतीने सरकतो, अधिक दाबले तर अधिक. पाय काढला की तबकडी सरळ होते, तेलाची वाट कोंडते आणि चाके जागच्या जागी धरली जातात. क्लच नाही, गिअरची खडखड नाही, चढावर गाडी उभी करून पुन्हा निघताना डावा-उजवा पाय सांभाळण्याची कसरत नाही. या तत्त्वाचा ट्रॅक्टर इंग्लंडमधील सिल्सो येथील राष्ट्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने १९५४ मध्येच चालवून दाखविला होता, आणि अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ मध्ये ६५६ या क्रमांकाचे आपले हायड्रोस्टॅटिक मॉडेल शेतकऱ्यांपुढे ठेवले. मोठ्या नांगरटीत ही पद्धत फारशी टिकली नाही, कारण तेलाच्या मार्गाने जाणाऱ्या शक्तीचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि दिवसभर नांगर ओढणाऱ्याला तो अंश डिझेलच्या हिशेबात जाणवतो. परंतु क्षणाला पुढे, क्षणाला मागे अशी कामे जेथे असतात, तेथे तिने लहान ट्रॅक्टरांचे राज्य जिंकले.

आपल्याकडे ही पद्धत अगदीच अपरिचित आहे असेही नाही. रस्त्यांवर डांबर दाबणारे कंपनशील रोलर आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत फिरणारी अवाढव्य ऊसतोडणी यंत्रे याच कोंडलेल्या तेलाच्या बळावर चालतात. फक्त लहान शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरात ती अद्याप क्वचितच दिसते.

माझा एक भाचा त्या कॅरोलायनाच्या डोंगरात राहतो, आणि त्याच्याकडे गेलो असता या यंत्राशी माझा परिचय झाला. गवताचा एक उतार घरापासून खालच्या ओहोळापर्यंत गेला होता. कापून, वाळवून गंजी रचण्याऐवजी ते गवत निव्वळ नेटके दिसावे म्हणून दर पंधरवड्याला कापायचे आणि तेथेच कुजू द्यायचे, हा त्या लोकांचा रिवाज पाहून गुरांसाठी पावसाळ्यानंतर पेंढा-पेंढा जपणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला प्रथम हसू येते आणि मग जरा वाईटही वाटते. भाच्याने मला आसनावर बसविले आणि विक्रेत्याने त्याला सांगितलेले वाक्य जसेच्या तसे मला ऐकविले: "मामा, काही भीती नाही. पेडलवरून पाय काढला की गाडी उभी." सपाट अंगणात ते वाक्य अक्षरशः खरे ठरले. उताराच्या तोंडाशी आल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली, जी विक्रेत्याच्या वाक्यात नव्हती. ट्रॅक्टरचे नाक खाली झाले की बसणाऱ्याचे अंगही आसनावरून पुढे घसरू लागते, आणि पुढे घसरणाऱ्या अंगाचा भार नकळत ज्या पावलावर येतो ते पाऊल नेमके पुढे जाण्याच्या पेडलवर असते. म्हणजे ज्या क्षणी गती कमी व्हावी असे मनाला वाटते त्याच क्षणी शरीर ती वाढवीत असते. भाचा खालून ओरडला, "पट्टा बांधा आधी!" पट्टा आवळला, टाच तळपत्र्यावर घट्ट टेकविली, तेव्हा पाऊल स्वाधीन झाले. पट्टा केवळ अपघातासाठी असतो ही माझी समजूत तेथे गळून पडली. उतारावर तो चालविण्याचाच एक अवयव आहे.

पेडल सोडल्यावर चाके धरली जातात हे खरे, पण ती धरणारे तेल आहे, लोखंडाची कडी नव्हे. पंप आणि मोटर यांच्या अतिसूक्ष्म फटींतून तेल थोडे-थोडे पाझरतच असते, आणि तासभर काम करून ते तापले व पातळ झाले की हा पाझर वाढतो. सकाळी उतारावर निश्चल उभा राहिलेला ट्रॅक्टर दुपारी त्याच जागी इंच-इंच सरकू लागतो तो यामुळे. म्हणून उतारावर उभे राहताना हँडब्रेक ओढलाच पाहिजे, लोडरचे सूप जमिनीला टेकविलेच पाहिजे आणि खाली उतरावयाचे असेल तर चाकाखाली दगडही लावावा. यापेक्षा गंभीर बाब निराळीच आहे. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरात गिअर नसतात हे विधान पुरते खरे नाही. मोटरीच्या पुढे दोन किंवा तीन टप्प्यांची एक दातेरी पेटी असते, मंद, मध्यम आणि जलद अशी, आणि तिच्या टप्प्यांमध्ये न्यूट्रल असतो. टप्पा बदलण्यासाठी दांडा हलविला आणि तो क्षणभर जरी न्यूट्रलमध्ये राहिला, तरी चाके आणि तेल यांचा संबंध तुटतो. मग पेडल सोडा की दाबा, तबकडी सरळ असो की कललेली, ट्रॅक्टर गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन होतो, आणि वेगाने फिरणाऱ्या दात्यांत पुन्हा दांडा बसविणे जवळजवळ अशक्य असते. "पाय काढला की गाडी उभी" या वाक्यावर ज्याचा विश्वास बसला आहे तो अशा वेळी पाय काढतो आणि वाट पाहतो. ब्रेकची आठवण त्याला उशिरा होते. आणि डावा व उजवा ब्रेक जोडणारी कडी शेतात वळण्याच्या सोयीसाठी मोकळी सोडलेली असेल, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा फिरतो. टप्पा सपाटीवरच बदलावा आणि उतरण मंद टप्प्यातच उतरावी, हा नियम निर्मात्यांच्या माहितीपुस्तकांत छापलेला असतो. परंतु माहितीपुस्तक वाचून ट्रॅक्टर चालविणारा मनुष्य तिकडेही विरळा आणि इकडेही.

चारही चाकांच्या चालनेचीही गोष्ट अशीच. पुष्कळांची समजूत अशी की पुढच्या चाकांना शक्ती देण्याची गरज चढावर आणि चिखलात. परंतु अशा लहान ट्रॅक्टरांत ब्रेक सामान्यतः मागच्या चाकांनाच असतात, आणि उतरणीला लागल्यावर भार पुढे सरतो. पुढे लोडरमध्ये खडी असेल तर मागची चाके इतकी हलकी होतात की ती घट्ट धरलेली असूनही ओल्या गवतावरून नुसती घसरत जातात. पुढची चाके जोडलेली नसतील तर त्यांना अडविणारे काहीच उरत नाही. ती जोडलेली असली तर मागच्या चाकांना धरणारी तेलाची तीच कोंडी पुढच्या चाकांनाही धरते. तेव्हा उतरणीवर चार चाकांची चालना ही ओढण्यासाठी नसून थांबण्यासाठी आहे. आणि एवढे करूनही टायर घसरलाच, तर पेडल पूर्ण सोडून बसण्यापेक्षा चाके पुन्हा फिरतील इतके ते हलकेच दाबावे आणि सूप जमिनीत रोवावे, असे जाणते लोक सांगतात. मन याच्या उलट सांगत असते, म्हणून ही गोष्ट आधी सपाटीवर हाताला आणि पायाला शिकवून ठेवावी लागते.

चढावरही या यंत्राचा स्वभाव मोटारीच्या सवयीला छेद देणारा आहे. मोटार चढावर दमली की आपण पाय अधिक दाबतो. येथे अधिक दाबले तर तबकडी अधिक कलते, तेलाचा प्रवाह वाढतो, पण प्रत्येक फेऱ्यामागचे बळ कमी होते; ट्रॅक्टर एक कर्कश किंकाळी फोडतो आणि जागीच थबकतो. पाय थोडा मागे घेतला की तोच चढ तो गुमान चढतो. सरळ उभ्या चढावर मागे अवजड अवजार असेल तर नाक उचलले जाण्याची धास्ती असते, म्हणून तेथील अनुभवी लोक चढ उलट्या दिशेने, रिव्हर्समध्ये चढतात. या बाबतीत हायड्रोस्टॅटिकचा एक मोठा उपकार मान्य केलाच पाहिजे: क्लच झटक्याने सुटून ट्रॅक्टर मागच्या मागे उलटण्याचा जो जुना आणि भीषण प्रकार आहे, त्याचे मूळ कारणच येथे नाहीसे झालेले आहे.

पण आडव्या उतारावर चालना कोणतीही असो, तिचा उपयोग शून्य. तेथे प्रश्न गुरुत्वमध्याचा आणि रुंदीचा. ट्रॅक्टर जितका अरुंद आणि उंच, त्याचे सूप जितके वर उचललेले, आणि वरच्या बाजूच्या चाकाखाली आलेला दगड जितका मोठा, तितका तो उलटण्याच्या जवळ. शंभर फूट आडव्या अंतरात पंचवीस फूट चढ म्हणजे शेकडा पंचवीस, पण अंशांत मोजला तर तो सुमारे १४. शेकडा आणि अंश यांची गल्लत करून लोक आपल्या उताराला पंचेचाळीस म्हणतात आणि आपण त्यावर चालविले याची फुशारकी मारतात. मागच्या टायरांत पाणी भरून बूड जड करण्याची आपल्याकडची जुनी युक्ती तिकडेही आहे; थंडीत पाणी गोठते म्हणून ते लोक त्यात क्षार मिसळतात किंवा बीटच्या रसापासून केलेले द्रावण भरतात, इतकाच फरक. चाके बाहेर सरकवून रुंदी वाढविणे हा दुसरा उपाय. आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा, म्हणजे काही उतार ट्रॅक्टरला देऊच नयेत.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीने कोकणातील वरकस जमिनींवर आंबा आणि काजू यांची जी रांगच्या रांग उभी केली, तीत आज गवत काढायला माणूस मिळत नाही, ही तक्रार सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत कोठेही ऐकावी. आज हे काम पाठीवरच्या ग्रासकटरने आणि जेथे जमीन साथ देते तेथे पॉवर टिलरने होते. ग्रासकटर दिवसभर पाठीवर घेणाऱ्याची पाठ आणि कान या दोहोंची काय अवस्था होते हे वेगळे सांगावयास नको. अशा ठिकाणी अरुंद, बुटका, बिनगिअरचा ट्रॅक्टर येणे स्वाभाविक आहे, आणि तो आज ना उद्या येणार. हरकत त्याला नाही. परंतु कोकणात गवताची कापणी जेव्हा करावी लागते तेव्हाच जांभ्यावरची जमीन निसरडी असते, बागेतल्या गडग्यांमुळे वळायला जागा नसते, आणि कलमांच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या असतात की संरक्षक चौकट मोडून खाली दुमडण्याचा मोह प्रत्येकाला होणार. चौकट दुमडलेली असताना पट्टा बांधणे हे उलट अधिक घातक, कारण मग माणूस ट्रॅक्टरखालून सुटूही शकत नाही. अशा वेळी फांदी छाटावी की चौकट दुमडावी, असा प्रश्न पडेल. माझे उत्तर फांदीच्या विरुद्ध आहे, मग ती हापूसची का असेना.

चौकट म्हणजे आसनाच्या मागे उभी असलेली पोलादी कमान; ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीला टेकते आणि पट्ट्याने बांधलेल्या चालकाभोवती वीतभर जागा शिल्लक राहते. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून माणसे मरण्याचा प्रकार त्या देशातून जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेने दिरंगाई केली. १९७६ चा तेथील नियम पगारी चालकांपुरता होता, स्वतःच्या रानात स्वतः ट्रॅक्टर चालविणारा मालक त्यातून सुटला, आणि १९८५ पासून निर्मात्यांनी आपणहून ती बसविण्यास प्रारंभ केला तरी त्याआधीचे लाखो जुने ट्रॅक्टर तसेच रानात फिरत राहिले. शेतावरील अपघाती मृत्यूंमध्ये ट्रॅक्टर उलटणे हे कारण त्या देशात दीर्घकाळ अग्रभागी राहिले आहे. आपल्याकडे तर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरांत कमान असलेला ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि मडगार्डवर दोन्ही बाजूंना बसलेली माणसे मात्र शोधावी लागत नाहीत.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक असा की चौकटीमुळे किंमत वाढते आणि गरीब शेतकऱ्यावर बोजा पडतो. पण कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानात सरकार आजही ट्रॅक्टरांची वर्गवारी अश्वशक्ती आणि दोन वा चार चाकांची चालना यांवरून करते. त्याच यादीत, डोंगरी म्हणून जे तालुके सरकारी दप्तरी आधीच जाहीर आहेत त्यांच्यापुरती, चौकट व पट्टा नसलेल्या ट्रॅक्टरला अनुदान नाही अशी एक अट घालण्यास कोणता नवा खजिना लागतो? चौकटीची किंमत अनुदानात धरावी, म्हणजे तक्रारीलाही जागा राहणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गावचा मिस्त्री गिअरबॉक्स झाडाखाली उघडून जोडून देतो, पण हा पंप धुळीच्या एका कणाने बिघडतो आणि त्याला हात लावणारा कारागीर जवळपास नसतो. हे खरे आहे. पहिल्या काही तासांनंतर तेल व गाळणी बदलणे, रेडिएटरवर साचलेले गवत रोज झाडणे, निर्मात्याने सांगितलेलेच तेल वापरणे, यांत हयगय झाली तर हे यंत्र गिअरच्या ट्रॅक्टरापेक्षा लवकर आणि महागात बिघडते. रोलर आणि ऊसतोडणी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आज मोठ्या शहरांत आहेत; ते रत्नागिरी-कुडाळपर्यंत पोहोचेपर्यंत एकट्यादुकट्या शेतकऱ्याने कर्ज काढून असा ट्रॅक्टर घेऊ नये, गावाच्या सहकारी संस्थेने किंवा अवजार बँकेने घ्यावा, असेच मी म्हणेन.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर-परीक्षण संस्था आहे, आणि दापोलीला कोकणासाठीच १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एखादा प्रत्यक्ष उतार निवडून, ऑक्टोबरातल्या ओल्या गवतावर, टायरांचे दोन-तीन प्रकार आणि चारही चाके जोडून व सोडून अशा चाचण्या घेणे, आणि त्यांचे निष्कर्ष मराठीत छापून प्रत्येक विक्रेत्याच्या टेबलावर ठेवणे, हे फार खर्चाचे काम नाही. विक्रेत्यांवरही एक साधे बंधन घालावे: ज्या ट्रॅक्टरसाठी डोंगरी तालुक्यातून अनुदानाचा अर्ज आला आहे, त्याचा ताबा देण्यापूर्वी ग्राहकाला दुकानासमोरच्या सपाट आवारात नव्हे तर त्याच्याच बागेच्या उतारावर नेऊन, मंद टप्प्यात, पट्टा बांधून, ब्रेकची कडी जोडून एकदा खाली आणि एकदा उलट्या दिशेने वर चालवून दाखवावे, आणि मग त्याच्याकडून तसेच करवून घेऊन पावतीवर सही घ्यावी.